बापाच्या ताटातली भाकरी

"चांदण्या निघेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही हं," सेरह म्हणाली.

तळघरातल्या स्नानकुंडाच्या पायऱ्या चढता चढता यमीमा केस पिळत होती. तिचे हात तिथेच थांबले. पाणी पाठीवरून ठिबकत राहिलं.

"मी कशाला थांबू, इम्मा? माझ्या भाकरीला चांदण्या लागत नाहीत."

म्हातारीने ऐकलंच नाही असं केलं. ती वाकून लेकीची चप्पल शोधत होती, आणि चप्पल तिच्या नाकासमोर होती.

याजकाच्या घरात जन्मलेल्याला हे शिकवावं लागत नाही. शेतकरी आपल्या पिकातून देवाचा वाटा बाजूला काढतो, तो याजकाच्या घरी येतो, त्या गव्हाची भाकरी होते. त्या भाकरीला हात लावायचा तर आधी स्नान, मग सूर्य बुडायची वाट, आणि आकाशात चांदण्या उमटल्या की घास. साध्या भाकरीला यातलं काही नको. आणि यमीमा लग्न झाल्यापासून साधीच भाकरी खात आली होती. याजकाची लेक परक्या कुळात गेली की बापाच्या ताटातली पवित्र भाकरी तिला बंद होते. पुढे नवरा वारला आणि मूलबाळ नसलं, तर ती माघारी येते, लहानपणी बसायची तशी बापाच्या पंगतीला बसते. पण मूल असलं, एकच का असेना, जगाच्या पाठीवर कुठे का असेना, तर नाही.

तिचा नवरा ओबेद जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण यमीमाला मुलगा होता, अज्जूर.

"उद्या मंदिराच्या अंगणात जायचंय म्हणून आजच न्हायला लावलंस ना मला?" तिने विचारलं. "मग अंगणाचा आणि माझ्या जेवणाचा काय संबंध?"

"सगळ्याचा संबंध असतो."

"इम्मा, माझ्याकडे बघ."

सेरहने बघितलं नाही. चप्पल लेकीच्या पायांपुढे ठेवली, तिथेच पायरीवर बसली आणि पदराने लेकीची ओली पावलं पुसायला लागली. केस पिकलेल्या लेकीची पावलं!

"वर चल," ती खालच्या मानेने म्हणाली. "मल्लूख येऊ दे. तो सांगेल नीट. मला नाही ते बोलता येत."

तेव्हा यमीमाला सगळं कळलं. बापाचं बरं नाही, लगेच निघून ये, असा मल्लूखदादाचा निरोप याफो बंदरात तिच्या घरी आला होता. ती आली होती. बापाचं खरोखरच बरं नव्हतं. पण निरोपात सगळं नव्हतं. या घराला तिला पंगतीत बसवायचं होतं. आणि ती तिथे बसायची, तर तिला निपुत्रिक व्हायला हवं होतं.

*

अंगणात कसीया भट्टीसमोर बसली होती. मल्लूखची बायको, तोंडाने तिखट, हाताने सढळ. भट्टीच्या आतल्या भिंतीवरून भाकऱ्या सोडवून ती टोपलीत रचत होती. दासी नामा धूर झटकत निखारे सारखे करत होती. पवित्र पीठ एका कोपऱ्यात, साधं पीठ दुसऱ्या कोपऱ्यात. मडकी वेगळी, फडकी वेगळी. यमीमा आल्यापासून स्वतःची भाकरी बाजूच्या लहान चुलीवर भाजून घेत होती.

टोपलीत सगळ्यांच्या वर एक लहान, जाड भाकरी होती. मधोमध अंगठ्याने दाबून खळगा केलेली. त्या खळग्यात तेल घालून यमीमा लहानपणी खायची.

"बघता काय वन्सं, तुमचीच आहे," कसीया म्हणाली. "सासूबाईंनी स्वतः मळली. मला पिठाला हात लावू दिला नाही. मेल्या माझ्या हातालाच काटे आहेत जसे."

"वहिनी, तुला माहीत होतं?"

"मला? या भट्टीला माहीत होतं. तुमचे भाऊ शास्त्र्यांकडे खेटे घालत होते, ते काय मंदिराच्या कौलांची चौकशी करायला?" तिने एक भाकरी सोडवली, चटका बसला तशी बोटं कानाच्या पाळीला लावली. "बसा. उभ्याने ऐकू नका."

यमीमा चुलीजवळ टेकली.

"मी मेंढपाळाची पोर," कसीया म्हणाली. "या घरात आले त्या संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या हातात पवित्र भाकरी दिली. मला ती धरता येईना. आणि त्याच वर्षी तुम्ही सासरी गेलात. तुमच्या जागेवर बसवलं मला. खरं सांगू? अजून तिथे कधी ऐसपैस बसले नाही मी. आता उठा म्हणतील, आता उठा म्हणतील, असं वाटतं."

"असं काय म्हणतेस!"

"खोटं नाही. ही नामा बघा. मामंजींनी बाजारातून विकत आणलेली. ही खाते. मी खाते. आणि घरची लेक उंबऱ्याशी चटईवर बसून विकतच्या पिठाची भाकरी चावते. देवाचा कायदा आहे, त्याच्यापुढे मी कोण बोलणार? पण माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"मग मला मोकळी करा ना धनीणबाई," नामा निखाऱ्यांकडे बघतच म्हणाली. "मोकळी झाले की माझीही भाकरी बंद. येऊन बसेन ताईंच्या शेजारी. तेवढीच सोबत."

"हिचं ऐका! मोकळी कर म्हणे. आणि भांडी कोण घासेल, तुझा आजा?"

तिघी हसल्या. हसता हसता यमीमाचं लक्ष पुन्हा त्या खळग्याकडे गेलं आणि तिचं हसू आटलं. गरम गव्हाचा वास अंगणभर दरवळत होता. आपल्या चुलीवर भाजलेल्या गव्हालाही हाच वास यायला हवा. पण येत नाही. का येत नाही ते ओबेदला तिने एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. तो बिचारा दोरखंड वळणारा माणूस. तो दुसऱ्या दिवशी बाजारातून सगळ्यात महाग गहू घेऊन आला होता. चांगला नवरा होता. त्याच्याशी लग्न केल्याचा तिला एक दिवसही पस्तावा झाला नाही. पण आठवण काही पस्ताव्याची वाट बघत थांबत नाही.

"वन्सं," कसीया आवाज उतरवून म्हणाली, "एक सांगते, तुमच्या भावाला सांगू नका. माझे दोघं मुलगे आज मंदिरात पहाऱ्याला आहेत. इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तरी मी सकाळपासून दोनदा दारात जाऊन आले. ते तुम्हाला एक वाक्य बोलायला लावतील. नका बोलू."

*

मल्लूख आला तो खांद्यावर पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं घेऊन. त्या दिवशी लोकांनी देवाचे आभार मानून वाहिलेल्या बळींतला, शांत्यर्पणांतला, याजक घराण्याचा वाटा: एक ऊर आणि उजवी मांडी. गाठोडं त्याने कसीयाच्या हातात दिलं, बहिणीकडे बघितलं, तिचे ओले केस बघितले.

"इम्माने सांगितलं?"

"इम्माने माझे पाय पुसले," यमीमा म्हणाली. "सांगितलं काहीच नाही."

"गच्चीवर चल."

गच्चीवरून मंदिराच्या वेदीचा धूर सरळ वर जाताना दिसत होता. पश्चिमेला डोंगरांच्या पलीकडे समुद्र होता. इथून तो दिसत नाही, तरी यमीमा त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. सवयच लागली होती.

"कुप्र बेटाकडून एक खलाशी आला होता," मल्लूख म्हणाला. "मी मुद्दाम भेटलो त्याला. वादळानंतर त्याने फळ्या तरंगताना बघितल्या. एका फळीवर निळा डोळा रंगवलेला होता. अज्जूरच्या जहाजाच्या नाकाडावर तसाच डोळा होता ना?"

"निम्म्या समुद्रावरच्या जहाजांना निळा डोळा असतो, दादा. मी बंदरात राहते."

"दोन हिवाळे झाले त्याचं जहाज निघून, यमे."

"फळ्या दिसल्या. माणूस दिसला का त्याला?"

"नाही."

"मग? सुतार आहे तो. फळी दिसली की धरायची, हे त्याला कुणी शिकवायला नको."

मल्लूख कठड्यावर बसला, डोक्याचं पागोटं काढून त्याने मांडीवर ठेवलं. दिवसभर वेदीशी उभा राहिलेला माणूस. त्याच्या बाह्यांना अजून धुराचा वास होता.

"मी शास्त्र्यांना विचारलं," तो म्हणाला. "ते म्हणाले, समुद्राला साक्षीदार नसतो, तेव्हा मुलगा गेला असं आम्ही आमच्या तोंडाने म्हणणार नाही. आहे असंही म्हणणार नाही. पण आईने येऊन सांगितलं की माझा मुलगा गेला, तर आम्ही तिचा शब्द मानू. आपल्या लेकराबद्दल कुठली आई उगाच असं बोलेल? ती म्हणाली की त्याच संध्याकाळी तिने बापाची भाकरी खावी."

"म्हणजे सगळं माझ्या जिभेवर."

"एक वाक्य, यमे. 'माझा मुलगा गेला.' एवढंच."

"आणि उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर?"

"तर काय! प्रायश्चित्ताचं जे असेल ते मी करीन आणि या गच्चीवर नाचेन. तुला काय वाटतं, मला भाचा नकोय?"

"आणि नाही आला, तर त्याला मारला कुणी? समुद्राने नाही. मी मारला. भाकरीसाठी."

मल्लूख म्हणाला, "अब्बांची ही मंदिरसेवेची शेवटची पाळी आहे. पुन्हा आपल्या घराण्याची पाळी येईल अर्ध्या वर्षाने. तोवर ते राहत नाहीत, हे त्यांना कळतं, मला कळतं. डोळे गेले तेव्हापासून वेदीशी उभं राहता येत नाही, पण देवाने आंधळ्या याजकाचाही वाटा काढून ठेवलाय, म्हणून हट्टाने इथवर आलेत. आणि रोज जेवायच्या वेळी काय विचारतात ठाऊक आहे? 'यमीची जागा मांडली का?' रोज. कसीया म्हणते, मांडली. तुझ्या नावाची रिकामी चटई घालते ती."

यमीमाला हे वहिनीने सांगितलं नव्हतं.

"ऊर आणि मांडी तर गेलीच, ती काही परत मिळत नाही," तो पुढे म्हणाला. "लग्नाच्या दिवशी ते दार लागलं ते लागलं. उरली ती फक्त भाकरी. त्या माणसाने आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलंय?"

खाली सेरहची हाक आली. पूर्वेचं आकाश जांभळं पडलं होतं.

यमीमा तशीच उभी राहिली. काय आठवत होतं तिला? मोठं काही नाही. पाळीच्या आठवड्यात बाप मंदिरातून यायचा, तेलाने चमकणारी दाढी, बोटांना भाजलेल्या मांसाचा वास. तो सगळ्यांच्या आधी तिच्या तोंडात घास घालायचा आणि म्हणायचा, देवाच्या ताटातला घास आहे, हळू चाव. ती मुद्दाम फार हळू चावायची, सगळे वैतागायचे. एवढंच. पण ओबेदच्या घरी, याफोच्या खारट वाऱ्यात, एकटीच्या जेवणात, तिने जन्मभर प्रत्येक घास हळू चावला होता. उगाच, कुणी सांगितलं नसताना.

"मी म्हणेन," ती म्हणाली.

मल्लूखने मान वर केली.

"अब्बांसाठी म्हणेन. तू मला आता काही बोलू नकोस."

*

"निघाल्या का?" एल्याशीवने विचारलं.

"दोन दिसताहेत, अब्बा. थांबा."

म्हातारा पंगतीच्या मधोमध बसला होता, पाठीला गाठोडं टेकून. अंगाचा नुसता सांगाडा झाला होता, पण आवाज अजून भरदार होता. चांदण्यांची वाट बघता बघता तो लेवी कुळातल्या गायकांची चाल गुणगुणत होता, मंदिराच्या पायऱ्यांवर ते संध्याकाळी लावतात ती. शब्द नाहीत, नुसती चाल, आणि मांडीवर बोटांनी ठेका. ती चाल ऐकली की यमीमाला नेहमी वाटे, देव जर कुठे राहत असेल तर या दोन सुरांच्या मधल्या जागेत राहत असेल.

"आता तिसरी," नामा दारातून ओरडली.

"देवाची कृपा," एल्याशीव म्हणाला. त्याने आशीर्वाद म्हटला, भाकरी मोडली, घास तोंडात घातला. सगळ्यांनी घास घेतला. फक्त उंबऱ्याशी बसलेल्या यमीमाने आपल्या भाकरीला हात लावला नाही, आणि सेरहने आपल्या.

"अहो," सेरह म्हणाली. "यमी तुमच्याजवळ येतेय."

एल्याशीवचं चावणं थांबलं.

यमीमा उठली. चार पावलांची खोली, पण ती ओलांडताना तिला बंदरातून निघणाऱ्या जहाजासारखं वाटलं. मागचं सगळं आपोआप लहान होत जाणारं. ती बापासमोर गुडघ्यांवर बसली. म्हाताऱ्याच्या हातात ती खळग्याची भाकरी होती. कुणी कधी दिली, कळलं नाही. खळग्यात तेल चमकत होतं.

"आलीस?" तो म्हणाला. त्याचा हात तिचा चेहरा शोधत आला, कपाळावरून, नाकावरून. "म्हातारी झालीस गं."

"तुमचीच लेक."

"मल्लूखने सांगितलं मला शास्त्र्यांचं. तू बोलणार आहेस?"

"हो, अब्बा."

"बोल मग."

कसीयाने घास ताटात ठेवला आणि दाराकडे तोंड फिरवलं.

"माझा मुलगा..." यमीमा म्हणाली.

बापाचा हात तिच्या हनुवटीवर होता. तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी हलले, पण आवाज निघाला नाही. तिने पुन्हा सुरुवात केली. "माझा मुलगा..." यावेळी डोळ्यांपुढे अज्जूर उभा राहिला, तोही धड नाही, नुसती पाठ, खांद्यावर करवत टाकून धक्क्यावरून जाणारी.

"थांब," एल्याशीव म्हणाला. "तुला तसं वाटतं? आतून?"

"मला माहीत नाही, अब्बा."

"मग बोलतेयस कुणासाठी?"

म्हाताऱ्याने आपला तळवा तिच्या तोंडावर ठेवला, घट्ट, एखाद्या लहान पोराच्या तोंडावर ठेवावा तसा.

"गप्प," तो म्हणाला. "एक शब्द बोलू नकोस."

"अब्बा," मल्लूख पुढे सरकला, "शास्त्र्यांनी स्वतः सांगितलंय. तिचा शब्द ते मानतील."

"म्हणूनच. तिच्यावर विश्वास टाकलाय त्यांनी. न पारखता मानणार आहेत. मग त्या विश्वासाच्या तोंडात आपण खोटं भरवायचं? तू इतकी वर्षं वेदीशी उभा राहिलास, लंगडं जनावर ओळखतोस, कानाला ओरखडा असलेलं ओळखतोस. आणि हे नाही ओळखलंस?"

मल्लूखचा चेहरा उतरला. "मी तुमच्यासाठीच धावलो, अब्बा."

"ठाऊक आहे रे राजा. माझ्याच हावेपायी धावलास. रागावलो नाही मी."

सेरह एकदम उसळली. एरवी नवऱ्यापुढे आवाज न चढवणारी बाई, पण आता तिला आवरेना. "मग रोज कशाला विचारत होतात, यमीची जागा मांडली का, यमीची जागा मांडली का? माझा जीव खाल्लात! मी पीठ मळलं, मी तिला न्हाऊ घातलं, आणि आता घास तोंडाशी आल्यावर म्हणता गप्प? तुम्ही जाल निघून, आणि ती परत त्या समुद्राकाठी एकटी भाकरी चावत बसेल. मी काय करू? मी कुणाच्या ताटात बघू?"

"हवंच होतं मला," एल्याशीव म्हणाला. "अजून हवंय. त्या भाकरीचा एक तुकडा हिच्या तोंडात घालावा आणि मग डोळे मिटावे, असं इतकं हवंय मला की सकाळी प्रार्थनेत देवाचं नाव घेताना मध्येच हिचं नाव येतं. पण हवं असलं म्हणजे मिळायला हवं असं थोडंच आहे? इतकी वर्षं देवाघरचं खाल्लं, एवढं तरी कळायला हवं मला."

त्याने तिच्या तोंडावरचा हात काढला. यमीमा रडत होती, आवाज न करता. त्याचा तळवा ओला झाला होता.

"तुझी भाकरी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"माझी?"

"तुझी. विकतच्या पिठाची."

"उंबऱ्याशी आहे. का?"

"मला उठव."

"अब्बा, काय करताय?" मल्लूख म्हणाला.

"तिला माझी भाकरी बंद आहे. मला तिची बंद आहे, असं कुठे लिहिलंय? सांग ना, तूच जातोस शास्त्र्यांकडे."

"नाही," मल्लूख म्हणाला. "तसं कुठेच नाही."

"मग झालं. इतकी वर्षं एकालाही सुचलं नाही, मलाही नाही. धर हात."

यमीमाने आणि मल्लूखने दोन्हीकडून धरून त्याला उठवलं. सांगाडाच, पण जड लागला. उंबऱ्याच्या चटईवर तो भिंतीला टेकून बसला. यमीमाने भाकरी मोडली, अर्धी त्याच्या हातात दिली. तिच्या हाताला सवयीने वाटलं, हे उलटं होतंय. घास त्या हातातून या हातात यायचा असतो.

त्याने घास चावला. घरातली सगळी माणसं त्याच्या जबड्याकडे बघत होती.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

कसीयाला हसू फुटलं. हसताहसता तिने डोळे पुसले. "याफोची सवय, मामंजी! तिथे हवेतच मीठ."

"आणि तुम्ही तिकडे बसून काय बघताय? मांडी सकाळपर्यंत शिल्लक राहिली तर पाप लागेल. खा! सेरह, ती खळग्याची भाकरी तू खा."

"मला नाही जात."

"जाईल. तू मळलीस. थोडी सगळ्यांना दे."

सेरहने ती भाकरी उचलली. बराच वेळ हातात धरली. मग तिचे तुकडे केले, मल्लूखला दिला, कसीयाला दिला, नामाला दिला. शेवटचा, खळग्याचा, तेलाने ओला तुकडा तिने स्वतः खाल्ला, उंबऱ्याकडे बघत. लेकीच्या तोंडचा घास आपण खातोय या दुःखाने नव्हे, तर तिच्या वतीने खातोय अशा काहीशा जिद्दीने. निदान यमीमाला तरी तसं दिसलं.

बाप आणि लेक जेवत राहिले. आत मांसाचा वास होता, तो वास उंबरा ओलांडून यायचा आणि यमीमाची मान आपोआप आत वळायची. ते तसंच राहणार होतं. एक घास बापाने तिच्याकडून घेतला म्हणून ती ओढ मिटली, असं काही झालं नाही. उलट आता ती दोघांत वाटली गेली होती.

"यमे," एल्याशीव म्हणाला, "मी याफोला कधी आलो नाही."

"परक्यांचं बंदर. तुम्ही याजक. कसे येणार होतात!"

"ते कारण चांगलं आहे, म्हणून इतकी वर्षं वापरलं. डोळे होते तेव्हा मी त्याला दोनदाच बघितलं, तुम्ही इथे आणलात तेव्हा. एकदा पाळण्यात, एकदा ओबेदच्या मांडीवर झोपलेला. मोठा झालेला बघितलाच नाही. आज सगळे तुला सांगत होते, तो गेला म्हण. मीही त्यातला. तो होता कसा, आहे कसा, हे कुणी विचारलंच नाही."

यमीमाने बापाकडे बघितलं.

"दिसायला कसा आहे?" तो म्हणाला. "सगळं सांग. घाई करू नकोस. मला दिसत नाही, तेव्हा काही गाळू नकोस."

तिला सुरुवात सापडेना. दोन हिवाळे ती त्याच्याबद्दल फक्त खलाशांशीच बोलली होती: एवढी उंची, असा टिळ्यासारखा डाग, या नावाचं जहाज. माणूस म्हणून तो कसा होता, हे बोलायची सवयच तिची जीभ विसरली होती.

"डावखुरा आहे," ती अखेर म्हणाली. "त्यामुळे सगळी हत्यारं त्याला स्वतःची स्वतः बनवावी लागतात. बाकीचे सुतार हसतात. आणि काम करताना गुणगुणतो. बेसूर. फार बेसूर, अब्बा."

"ओबेदवर गेला असेल."

"हो, तुमच्यावर नक्कीच नाही. पण चाल तुमचीच. मी पाळणा हलवताना म्हणायचे ती. लेवींची."

म्हाताऱ्याचा हात चटईवर स्थिर झाला. "ती चाल? करवतीवर?"

"करवतीच्या ठेक्यावर."

आतली माणसं जेवता जेवता ऐकत होती. कसीया हळूच सरकून दाराजवळ आली होती. मल्लूखने ताट बाजूला ठेवलं होतं.

बापाच्या दाढीत भाकरीचे कण अडकले होते. यमीमाने बोट पुढे करून ते टिपले. काही आतल्या पंगतीत खाल्लेल्या भाकरीचे, काही तिच्या भाकरीचे. दिव्याच्या उजेडात तिने बोट डोळ्यांजवळ धरलं. कुठला कण कुठला, काही कळेना. तिच्या जिभेपासून ते बोट वीतभर अंतरावर होतं. क्षणभर तिने ते तसंच धरलं. मग तिने ते बोट बापाच्या ओठांना लावलं, आणि त्याने सगळे कण खाल्ले.

"हं," तो म्हणाला, हळू चावत. "करवतीवर गातो. मग पुढे?"